जुना सीडी प्लेअर थकला आहे: नवा घ्यावा की स्ट्रीमर?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाला उद्देशून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमच्याकडे उत्तम स्थितीतला स्टीरिओ ॲम्प्लिफायर आहे, त्याला साजेशी स्पीकरची जोडी आहे आणि साधारण चारशे सीडी आहेत. पंधरा वर्षे बिनतक्रार चाललेला सीडी प्लेअर मात्र आता काही सीडी ओळखतच नाही आणि काही मध्येच अडखळतात. नवा सीडी प्लेअर घ्यावा की नेटवर्क स्ट्रीमर (इंटरनेटवरून किंवा घरच्या डिस्कवरून संगीत घेऊन ॲम्प्लिफायरला देणारे यंत्र), दोहोंपैकी कशाचा आवाज सरस, आणि स्ट्रीमर घेतला तर या चारशे सीडी विकून टाकाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. घरात वडीलही संगीत ऐकतात आणि त्यांना मोबाइलवर शोधाशोध करणे जमत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने ती जाता जाता लिहिण्याची गोष्ट नव्हे.

घरगुती हाय-फाय यंत्रणा बसवून देणे आणि जुनी यंत्रे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. ‘आवाज कशाचा चांगला’ हे सर्वांत आधी विचारले जाते आणि निर्णय घेताना त्याचाच उपयोग सर्वांत कमी होतो, असे माझे मत आहे. तुम्हाला हवे असलेले संगीत आज कोठे आहे, पुढची दहा-पंधरा वर्षे ते तुमच्या हाती कसे राहील आणि ते लावण्यासाठी घरातल्या माणसांना काय करावे लागेल, यावर निवड व्हायला हवी. तरीही आवाजाचा प्रश्न मनात ठेवून कोणीही पुढे सरकत नाही, म्हणून आधी तोच हातावेगळा करू.

सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली निश्चित केले आणि १९८२ साली पहिले प्लेअर बाजारात आले. या मानकानुसार ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवला जातो. दोन चॅनेल धरून हा प्रवाह दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट इतका होतो. त्यातून २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी, म्हणजे तरुण आणि निरोगी कानाला जेवढा ऐकू येतो तेवढा सगळा, पकडता येतो. शिवाय सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आवाज यांच्यात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास पार्श्वभूमीचा आवाज असतोच. त्यावर हे ९६ डेसिबल चढवले, तर होणारा आवाज कानाला इजा करणारा असेल आणि बहुतेक घरगुती स्पीकर तेथवर पोहोचणारही नाहीत. सीडीचे माप घरात ऐकण्यासाठी अपुरे पडत नाही, ते यामुळे.

स्ट्रीमिंगवरचा जुना आक्षेप दर्जाचा होता आणि एके काळी तो रास्तही होता. स्पॉटिफाय २००८ साली सुरू झाले आणि त्यानंतर अनेक वर्षे त्याचा सर्वोच्च दर्जा ३२० किलोबिटांचा, म्हणजे ध्वनीतील काही माहिती कायमची वगळणारा होता. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये लॉसलेस दर्जा देण्यास सुरुवात केली. टायडल आणि कोबझ या स्ट्रीमिंग सेवांकडे तो त्याआधीपासून होता. लॉसलेस प्रवाहात फ्लॅकसारखी पद्धत वापरतात. कपड्याची घडी घालावी तशी ती माहिती लहान जागेत बसवते, त्यातले काही फेकत नाही, आणि उलगडल्यावर प्रत्येक बिट मूळचा मिळतो. त्यामुळे एकाच मास्टरवरून, म्हणजे अल्बमच्या अंतिम मूळ प्रतीवरून, काढलेली सीडी आणि त्याच मास्टरचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा लॉसलेस प्रवाह यांतून डॅकपर्यंत तेच आकडे पोहोचतात. डॅक म्हणजे आकड्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग. तो सीडी प्लेअरच्या पोटात असतो, स्ट्रीमरच्याही पोटात असतो आणि वेगळ्या डबीच्या रूपातही मिळतो. तोपर्यंत पोहोचलेले आकडे सारखे असतील, तर ते तबकडीवरून आले की तारेवरून, हे डॅकला कळण्याचा मार्ग नाही.

‘पण स्ट्रीमिंगवर २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ मिळते, त्याचे काय?’ असे कोणीतरी विचारणारच. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना २४ बिटांचा फायदा निर्विवाद आहे, कारण तेथे पातळ्या वर-खाली करायला जागा लागते. ऐकताना मात्र चित्र वेगळे दिसते. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या मापाचे रूपांतर मुद्दाम घातले होते. ते केव्हा घातले आहे आणि केव्हा नाही, हे श्रोत्यांना ओळखता येण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, म्हणजे छापा-काटा करण्याइतकेच निघाले. जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा अचूक ओळखण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के आले. संशोधकाला या दोन टक्क्यांत रस असणे योग्यच आहे, परंतु दिवाणखान्यातील यंत्र निवडताना मी त्यांना वजन देत नाही.

मग अनेकांना फरक ऐकू येतो, तो खोटा का? बहुतेक वेळा तो खरा असतो, फक्त त्याचे कारण दुसरीकडे असते. सर्वांत मोठे कारण मास्टरिंगचे, म्हणजे प्रकाशनापूर्वी ध्वनीला दिलेल्या अंतिम रूपाचे. अल्बम पहिल्यांदा सीडीवर आला तेव्हाचे मास्टरिंग वेगळे आणि पुढे रिमास्टर म्हणून निघाला तेव्हाचे वेगळे. १९९० च्या दशकापासून ध्वनिमुद्रण अधिक दणदणीत वाटावे म्हणून लहान-मोठ्या आवाजांतील अंतर दाबून टाकण्याची प्रथा वाढत गेली आणि पुष्कळसे रिमास्टर तिला बळी पडले. स्ट्रीमिंग सेवेवर बहुधा नवी आवृत्ती ठेवलेली असते. मुखपृष्ठ जुनेच आणि आतला माल बदललेला. अशा वेळी तुमच्या जुन्या सीडीत तबल्याची थाप मोकळी वाजते आणि स्ट्रीमिंगवर ती गाण्यात दबून जाते. त्याचे श्रेय सीडी या माध्यमाला देणे चूक आहे. याची उलट बाजूही आहे. १९८० च्या दशकातील काही सुरुवातीच्या सीडी हाताशी आलेल्या टेपवरून घाईने काढलेल्या होत्या आणि त्यांच्यापेक्षा नंतरचे रिमास्टर खरोखर सरस आहेत. हा निवाडा अल्बमगणिक करावा लागतो, सरसकट होत नाही.

दुसरे कारण पातळीचे. सीडी प्लेअरच्या मागच्या जोडणीतून बहुधा २ व्होल्टच्या आसपास संकेत बाहेर पडतो, स्ट्रीमरचा त्यापेक्षा कमी-जास्त असू शकतो. त्यात बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा सर्व गाण्यांची पातळी सारखी करण्याची सोय आपणहून चालू ठेवतात. स्पॉटिफायचे नेहमीचे लक्ष्य उणे १४ लफ्सचे असते (लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचे एकक). दोन आवाजांतील थोडा मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘अधिक स्पष्ट, अधिक भरीव’ वाटतो. अर्ध्या डेसिबलचा फरकही कौल फिरवायला पुरतो, आणि श्रोता मात्र शपथेवर सांगतो की दोन्हीचा आवाज सारखाच होता.

तुम्हाला घरी तुलना करायचीच असेल तर ती अशी करा. सेवेतील पातळी समान करण्याची सोय बंद करा. १०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचा एक स्थिर सूर सीडीवरही घ्या आणि फाइल म्हणून स्ट्रीमरवरही घ्या. साधे मल्टीमीटर विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या पुरवठ्यासाठी बनवलेले असतात आणि फार उंच सुरावर चुकीचा आकडा दाखवतात, म्हणून सूर खालचाच हवा. तो वाजत असताना मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजणी करा. टोके एकमेकांना लागणार नाहीत याची काळजी घ्या, नाहीतर ॲम्प्लिफायरला इजा होईल. एका साधनाने १.०० व्होल्ट दाखवले तर दुसऱ्याने ०.९९ ते १.०१ यांच्या आत दाखवेपर्यंत आवाजाची पातळी जुळवा. एक टक्क्याचा फरक म्हणजे ०.१ डेसिबलहून कमी. मग तोच अल्बम, शक्यतो त्याच सीडीवरून काढलेली फाइल, दोन्हींकडून वाजवा, आणि कोणते साधन चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळणार नाही अशा रीतीने दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा. ज्यांच्याकडे मी हे करून दाखवतो त्यांची चर्चा यानंतर बहुधा कपाटाची जागा आणि रिमोट यांवर येते.

तिसरे कारण वाटेचे, आणि येथे स्ट्रीमिंगचे लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. मोबाइलवर लॉसलेस सेवा लावायची आणि ब्लूटूथने ॲम्प्लिफायरकडे पाठवायची, तर मोबाइल बहुतेक वेळा तो प्रवाह पुन्हा दाबून, माहिती वगळून पाठवतो. लॉसलेससाठी दिलेली वर्गणी तेथेच वाया जाते. नेटवर्क स्ट्रीमरमध्ये मोबाइल केवळ रिमोटचे काम करतो. गाणे कोणते हवे एवढेच तो सांगतो आणि स्ट्रीमर थेट सेवेच्या सर्व्हरवरून प्रवाह घेतो. मोबाइलवर फोन आला, तो बंद पडला किंवा कोणी खिशात घालून बाहेर नेला तरी संगीत चालू राहते. ‘स्ट्रीमिंगचा आवाज पातळ वाटतो’ अशी तक्रार आली की मी आधी ब्लूटूथचा दिवा पाहतो.

आवाजाचे एवढे पुरे. आता तुमच्या प्लेअरकडे येऊ, कारण तो टाकून देण्याची वेळ आली आहे की नाही हे अजून ठरलेले नाही.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. लेझरखालून जाणाऱ्या रेषेचा वेग कायम ठेवायचा असल्यामुळे सुरुवातीला, मध्याजवळ, तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला पोहोचेपर्यंत हा वेग सुमारे २०० पर्यंत उतरतो. दोष शोधायला एवढी माहिती पुष्कळ उपयोगी पडते. पहिलीच गाणी अडखळत असतील आणि पुढची सुरळीत वाजत असतील, तर तबकडी फिरवणारी मोटर थकल्याचा संशय घ्यावा, कारण तिला सर्वाधिक वेग सुरुवातीलाच द्यावा लागतो. निरनिराळ्या सीडी साधारण त्याच मिनिटाला अडकत असतील, तर लेझर ज्या रुळावर सरकतो त्यावरचे ग्रीस सुकून घट्ट झालेले असते. जुने ग्रीस पुसून नवे लावले की काम होते. सगळ्याच सीडी ओळखायला वेळ लागत असेल, तर भिंगावर धूळ बसली असेल किंवा लेझर मंद झाला असेल. भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने अगदी हलक्या हाताने पुसता येते, कारण ते नाजूक तारांवर तरंगते ठेवलेले असते. प्लेअर उघडा असताना चालू करून भिंगात डोकावू नका. हा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा असतो आणि दिसत नाही म्हणून निरुपद्रवी नसतो.

ठरावीक सीडीच अडखळत असतील तर मात्र प्लेअरला दोष देऊ नका. सीडीवरील माहिती एका जागी सलग लिहिलेली नसते. ती विखरून, जादा तपासणी-आकड्यांसह लिहिलेली असते, आणि त्यामुळे सुमारे ४,००० बिटांचे, म्हणजे रेषेवरचे अडीच मिलिमीटरच्या आसपासचे सलग नुकसान प्लेअर पूर्णपणे भरून काढतो. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच आडवा येतो आणि सहसा निभावून जातो. फिरण्याच्या दिशेने गेलेला ओरखडा लांबवर सलग नुकसान करतो आणि तोच घात करतो. म्हणून सीडी पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल कधीही नाही. छापील बाजू अधिक जपावी, कारण परावर्तक थर तिच्या लगेच खाली असतो, त्यावर लाखेचा पातळ लेप तेवढा असतो. तेथला खोल ओरखडा कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

दुरुस्ती परवडेल का, हे त्या मॉडेलचा लेझर-पिकअप (तबकडी वाचणारा लेझर आणि भिंग यांचा भाग) सुटा मिळतो की नाही यावर अवलंबून आहे. सोनीच्या केएसएस-२१३ सारखे काही पिकअप अनेक उत्पादकांनी वापरले, त्यामुळे ते अजून मिळतात, मात्र सगळ्यांची प्रत सारखी नसते. तुमच्या प्लेअरमधला पिकअप मिळत नसेल, तर त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. जाणकाराला एकदा उघडून पाहू द्या आणि मगच पुढचे ठरवा. ग्रीस आणि भिंग एवढ्यावरच निभावले, तर तुमच्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळाले.

आता माझा सल्ला. चारशे सीडी असलेल्या माणसाने महागडा नवा सीडी प्लेअर घेण्यापेक्षा त्या सीडी एकदा काळजीपूर्वक रिप कराव्यात, म्हणजे त्यातील संगीत फाइलींच्या रूपात उतरवून घ्यावे, आणि स्वतःच्या फाइली वाजवू शकेल असा स्ट्रीमर घ्यावा. रिपिंगची बाजू मी घेतो, त्याला तांत्रिक कारण आहे. प्लेअरला सीडी गाण्याच्या गतीनेच वाचायची असते. चूक भरून निघाली नाही तर तो शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो किंवा क्षणभर गप्प बसतो. संगणकाला घाई नसते. तोच भाग तो पुन्हा पुन्हा वाचतो, आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरॲम्पसारखा प्रोग्रॅम आलेल्या फाइलची तपासणी-संख्या अनेकांनी नोंदवलेल्या संख्यांशी ताडून पाहतो. ती जुळली की तुमची फाइल बिनचूक आहे याबद्दल शंका उरत नाही. थोडी झिजलेली सीडी प्लेअरमध्ये वाजते त्यापेक्षा तिच्यावरून नीट काढलेली फाइल चांगली वाजते, ती यामुळे.

फाइली फ्लॅकमध्ये ठेवा. एका सीडीला साधारण ३०० ते ४०० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे चारशे सीडी १६० गिगाबाइटच्या आत बसतात. आजच्या कोणत्याही हार्ड डिस्कला हे ओझे नाही. एक प्रत मात्र पुरत नाही. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या जागी ठेवा, नाहीतर डिस्क गेली की सगळी मेहनत पुन्हा करावी लागेल. वेळ रिपिंगला लागत नाही, नावे नीट लिहिण्याला लागतो. गायक, राग, वादक, ध्वनिमुद्रणाचे वर्ष ही माहिती आपोआप येते ती बऱ्याचदा चुकीची किंवा तीन प्रकारच्या स्पेलिंगची असते, आणि एकच कलाकार यादीत तीनदा दिसू लागतो. पहिल्या वीस-पंचवीस सीडींतच नावांची एक पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. १९८० च्या दशकातील काही मोजक्या सीडींवर उंच सुरांना मुद्दाम उठाव दिलेला असतो, तो प्लेअर वाजवताना आपोआप कमी करतो. रिप करताना ही खूण सुटली तर फाइल कर्कश वाजते. जुनी सीडी फाइलीवरून विचित्र चिरकी वाटली तर आधी हे तपासा.

स्ट्रीमर निवडताना खोक्यावर छापलेल्या सोयींवर भाळू नका. ध्वनी दाबून पाठवण्याच्या एमक्यूए नावाच्या पद्धतीचा शिक्का अनेक यंत्रांवर मोठ्या अभिमानाने मिरवला जात होता आणि टायडलने जुलै २०२४ मध्ये ती सोडून फ्लॅक स्वीकारले. ॲम्प्लिफायर तीस वर्षे टिकू शकतो, कारण त्यात जुने होण्यासारखे सॉफ्टवेअर नसते. स्ट्रीमर हा मुळात संगणक आहे. सेवा आपली पद्धत बदलते, उत्पादक नवे मॉडेल काढून जुन्याचे अपडेट थांबवतो आणि उत्तम चालणारे यंत्र एखाद्या सकाळी त्या सेवेशी बोलेनासे होते. म्हणून पैसा सॉफ्टवेअर असलेल्या डब्यात अडकवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. चांगला डॅक वेगळा घ्या, किंवा तुमच्या ॲम्प्लिफायरलाच डिजिटल इनपुट असेल तर त्यातला डॅक वापरा, आणि स्ट्रीमर साधाच घेऊन त्याला डिजिटल केबलने जोडा. सात-आठ वर्षांनी स्ट्रीमर बदलावा लागला तरी बाकीची यंत्रणा जागच्या जागी राहते.

यात आणखी एक सोय आहे. तुमच्या जुन्या प्लेअरच्या मागे कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल, म्हणजे आकडे जसेच्या तसे बाहेर देणारे डिजिटल आउटपुट असेल, तर तोही त्याच डॅकला जोडा. मग प्लेअर केवळ तबकडी वाचेल आणि रूपांतराचे काम डॅक करील. ऑप्टिकल की कोॲक्सिअल, यावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतील. आजचे डॅक येणाऱ्या आकड्यांची वेळ स्वतः नव्याने लावून घेतात, त्यामुळे ज्याची केबल हाताशी असेल ते वापरा.

खरेदीपूर्वी एक गोष्ट मात्र कान देऊन तपासा: दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडतो का. विलंबित आणि द्रुत यांचे दोन वेगळे ट्रॅक केलेले असतात, तेव्हा काही स्ट्रीमर किंवा त्यांची ॲप पहिल्याच्या शेवटी तंबोरा क्षणभर तोडतात आणि मग दुसरा सुरू करतात. सीडी प्लेअरमध्ये हा दोष नसतो. मैफलीची ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्याला एवढी एक गोष्ट पुढची कित्येक वर्षे सलत राहील, म्हणून स्वतःची अशी एक फाइल घेऊन जा आणि ती वाजवून पाहा.

नेटवर्कचा बाऊ करू नका. सीडीच्या मापाच्या लॉसलेस प्रवाहाला सेकंदाला एक-दीड मेगाबिट पुरतात. अडखळणे बहुधा वायफाय खोलीत नीट पोहोचत नसल्यामुळे होते, आणि राउटरपासून साधी नेटवर्क केबल ओढली की ते थांबते. त्या केबलवर मोठा खर्च करून आवाज सुधारतो, असे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. माहिती पाकिटांतून येते, हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जाते आणि सगळे आधी साठवून मग वाजवले जाते. केबलला आवाजात ढवळाढवळ करायला वावच नसतो.

आता वडिलांविषयी. ज्यांना ॲप नकोसे वाटते त्यांच्यासाठी स्ट्रीमिंग कितीही सोपे म्हणून सांगितले तरी ते अवघडच असते. दर महिन्याला पडदा थोडा बदलतो, बटण दुसरीकडे जाते, अल्बम संपला की सेवा आपल्या मनाने दुसरेच काही वाजवू लागते. ही शेवटची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते आणि ती पहिल्याच दिवशी करावी. पुढच्या बाजूला आकड्यांची बटणे असलेला आणि एकेका बटणावर एकेक अल्बम किंवा रेडिओ बसवता येईल असा स्ट्रीमर मिळाला तर थोडे जमते. परंतु तबकडी खणात ठेवून एक बटण दाबण्याइतके सरळ दुसरे काही नाही. म्हणून तुमच्या घरातून सीडी प्लेअर पूर्णपणे काढू नये, असे माझे मत आहे. जुना दुरुस्त झाला तर तोच ठेवा. नाही झाला तर डिजिटल आउटपुट असलेला साधा, बळकट खणाचा प्लेअर घ्या. डॅक तुमच्याकडे असेलच, तेव्हा प्लेअरच्या पोटातील डॅकसाठी जादा मोजण्याचे कारण नाही.

हा सल्ला काही परिस्थितींत उलटा होतो, तेही सांगतो. तुम्ही दोघेही फक्त याच चारशे सीडी ऐकत असाल, नवे संगीत शोधण्याची हौस नसेल आणि संगणकासमोर बसणे नकोसे असेल, तर स्ट्रीमरच्या भानगडीत पडू नका आणि सरळ चांगला सीडी प्लेअर घ्या. याउलट संग्रहातील बहुतेक अल्बम सेवेवर त्याच मास्टरिंगमध्ये असतील आणि रोज काहीतरी नवे ऐकण्याची सवय असेल, तर रिपिंगचा खटाटोप फक्त तेथे न मिळणाऱ्या सीडींपुरता करा. कोणत्या मिळत नाहीत, हे एका संध्याकाळी यादी घेऊन बसलात की कळेल. ही यादी कायमची मात्र समजू नका: परवाने संपले की अल्बम सेवेवरून नाहीसे होतात आणि एका देशात असलेला अल्बम दुसऱ्या देशात नसतो.

राहिला प्रश्न सीडी विकण्याचा. विकू नका, निदान इतक्यात नको. रिप केलेल्या फाइली बाळगण्याची मुभा अनेक देशांत मूळ प्रत तुमच्याकडे असण्याशी जोडलेली आहे, म्हणून तुमच्या देशातला कायदा आधी पाहा. दुसरे असे की संग्रहात काही हायब्रिड एसएसीडी (सीडीच्या थरासोबत उच्च दर्जाच्या ध्वनीचा वेगळा थर असलेल्या तबकड्या) असतील, तर संगणकाच्या साध्या ड्राइव्हने त्यांचा फक्त सीडीचा थर उतरतो, उच्च दर्जाचा थर तबकडीवरच राहतो. सोबतच्या पुस्तिकेतील साथीदारांची नावे, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि ठिकाण हेही सेवेवर क्वचितच पुरते मिळते. रिप करतानाच पुस्तिकेची पाने स्कॅन करून त्या अल्बमच्या फोल्डरमध्ये टाकून द्या. सीडी उभ्या, आपापल्या डबीत, उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवा. रिप करताना ज्यांची तपासणी-संख्या जुळली नाही, त्यांचा गठ्ठा वेगळा काढून दुसऱ्या एखाद्या संगणकाच्या ड्राइव्हवर पुन्हा वाचून पाहा, कारण एका ड्राइव्हला न जमलेली सीडी दुसरा पुष्कळदा बिनचूक वाचतो.